नित्यनेम कसा धरावा?

माघी वारीला वाळवंटात आमचे कीर्तन झाले. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगू लागली. एक पस्तीस-चाळिशीची बाई मात्र मागे थांबून राहिली. पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, एक विचारू का? रोज पहाटे माळ घेऊन बसायचं म्हणते. चार दिवस बसते, पाचव्या दिवशी सुटतं. मग महिनाभर त्या माळेकडे बघायचीसुद्धा लाज वाटते. पाच वर्षं हेच चाललंय. माझ्यासारखीनं सोडून द्यावं का हे?"

कीर्तनात आम्ही नामाचा महिमा तासभर सांगितला होता. त्या तासाभरात या बाईच्या प्रश्नाचे उत्तर कुठे नव्हते! गर्दीत चार शब्द बोलून तिची बोळवण केली खरी, पण ते चार शब्द आमचे आम्हालाच पुरले नाहीत. म्हणून हा विषय येथे सविस्तर घेतो. ती बाई हे मासिक वाचते की नाही, पांडुरंग जाणे. पण तिच्यासारखे पुष्कळ असतील.

आता, हे सांगण्याचा आमचा अधिकार कोणता? चाळीस वर्षे कीर्तन करतो, पाठशाळेत चार ग्रंथ घोकले, हा अधिकार येथे चालत नाही. तो कसा चालत नाही, तेच आधी सांगितले पाहिजे.

सन २०२० मध्ये मार्च महिन्यात पंढरीचे मंदिर बंद झाले. गावोगावचे सप्ताह रद्द झाले. आमच्या वहीतल्या तारखा एकेक करून खोडल्या आणि आम्ही घरी बसलो. मनात म्हटले, बरे झाले, आता भरपूर जप होईल. पहाटे उठलो, आसन घातले, माळ हातात घेतली. तीस मणी झाले नसतील, उठून पाणी प्यायलो. पुन्हा बसलो, तर मनात पुढच्या कीर्तनाचे दृष्टान्त जुळू लागले! कीर्तन कुठे आहे, केव्हा आहे, काही ठाऊक नाही. पण मन आपले दृष्टान्त जुळवते आहे आणि श्रोते माना डोलावताहेत. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी आम्ही बसलोच नाही.

तेव्हा उलगडा झाला. सप्ताहात पहाटे काकडा, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. नाम अष्टौप्रहर तोंडात असे. त्यामुळे आपला नेम चालला आहे अशी आमची समजूत होती. पण ते नाम टाळ-मृदंगाच्या आणि शेजाऱ्याच्या बळावर चाले. हरिपाठात उभे राहिले की माणूस पुरात पडल्यासारखा वाहत जातो, आणि ते फार चांगले आहे. त्यात आम्ही काही उणे काढत नाही. परंतु एकट्याने आसनावर बसले म्हणजे कळते की आपल्याला स्वतःला पोहता किती येते. श्रोता समोर नसेल तर आम्हाला नाम घेता येत नव्हते. साठीला टेकलेला, लोक ज्याच्या पाया पडतात असा माणूस, आणि त्याला दहा मिनिटे विठ्ठलापुढे बसवत नाही! त्या वर्षी १ जुलैला आषाढी एकादशी आली. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या आणि आम्ही घरी पाटावर बसून रडलो. लोकांना वाटले, वारी चुकली म्हणून रडतात. तेही होते, पण सगळे ते नव्हते.

घरात आमच्या सौभाग्यवती मात्र तीस वर्षे रोज एक माळ करीत आल्या आहेत. त्यांच्या नेमाला टाळेबंदी शिवली नाही. एके दिवशी विचारले, "तुमचं कसं काय चालतं हो हे?" त्या म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? तुळशीला पाणी घातलं की तिथंच माळ करते आणि मग दूध तापत ठेवते. दूध ठेवलं की संपलं, मग दिवसभर होत नाही." चाळीस वर्षे आम्ही जगाला सांगत होतो, आणि हे साधन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तेव्हापासून आम्ही नवशिके झालो. पुढचे जे लिहितो ते एका नवशिक्याने दुसऱ्याला सांगितले आहे, असे समजून वाचावे.

पहिली गोष्ट प्रमाणाची. नवा साधक उत्साहाने अकरा माळांचा संकल्प करतो, तोही एकादशीच्या दिवशी, कीर्तन ऐकून आल्यावर. तो संकल्प द्वादशीला जड होतो आणि पौर्णिमेपर्यंत मोडतो. माउलींनी गीतेच्या बाराव्या अध्यायात, जेथे अभ्यासयोग सांगितला आहे, त्या श्लोकावर काय म्हटले आहे ते पाहावे. ज्याला सगळे चित्त देवाला देता येत नाही, त्याच्याकडे भगवंत काय मागतात? आठ प्रहरांतून एक निमिष. निमिष म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ! इतके थोडे मागितले आहे, हे वाचून आम्ही पाठशाळेत असताना हसलो होतो. आता हसू येत नाही. पुढे माउली चंद्राचा दृष्टान्त देतात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा ओसरतो, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि अवसेला नाहीसा होतो. तसे मन विषयांतून रोज तीळतीळ निघते. एका रात्रीत चंद्र कुणी बुडवायला जाऊ नये.

म्हणून प्रारंभी एकच माळ. आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे. 'राम कृष्ण हरी' हा सहा अक्षरांचा मंत्र सावकाश, प्रत्येक नाम सुटे करून म्हटला, तर एकशेआठ मण्यांना पाच मिनिटांच्या आसपास लागतात. घाई केली तर साडेतीन मिनिटांतही होते, पण घाई करायची कुणासाठी? पाच मिनिटे ज्याला नाहीत असा प्रपंची आम्हाला अजून भेटायचा आहे. श्वासाबरोबर नाम जोडायचे असेल तर आणखी थोडे लागते. योगशास्त्राच्या हिशोबाने माणूस अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला पंधरा. त्या मापाने एक माळ सात मिनिटांची. पण हे श्वासाचे नंतर. आरंभी श्वासाकडे लक्ष द्यावे तर नवशिका श्वास कोंडून धरतो आणि डोके दुखते म्हणून सांगत येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ब्राह्ममुहूर्त उत्तम, हे शास्त्रसिद्ध आहे. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटे आधी तो लागतो. पण ज्याची रात्रपाळी सकाळी सातला सुटते त्याने काय करावे? ज्या बाईचे तान्हे मूल पहाटेच जागे होते तिने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. घड्याळाच्या वेळेपेक्षा एखाद्या कामाला नेम बांधावा. दूध तापत ठेवण्याआधी. आंघोळ करून गंध लावले की. दुकानाचे कुलूप उघडण्याआधी. जे काम रोज होणारच आहे त्याच्या दावणीला नेम बांधला की ते काम त्याला ओढून आणते. पहाटे साडेचार म्हणून ठरवले आणि पावणेपाचला जाग आली की मन म्हणते, आज चुकले, आता उद्या पाहू. दूध काही चुकत नाही.

आमचा पुतण्या मानसशास्त्र शिकवतो. त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, काकींनी सांगितलं ते लंडनच्या विद्यापीठात मोजून पाहिलंय. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे शहाण्णव जणांना बारा आठवडे रोज एक लहानशी गोष्ट, ठरलेल्या एका कामाला जोडून करायला सांगितली होती. तो शोधनिबंध २००९ साली आला. ती गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कुणाला अठराच लागले, तर कुणाला हिशोबाने २५४ लागतील असे निघाले. आमच्याकडे मंडलाचे म्हणजे अठ्ठेचाळीस किंवा चाळीस दिवसांचे अनुष्ठान सांगतात आणि एकेचाळिसाव्या दिवशी लोक आपल्याला काहीच झाले नाही म्हणून उठून जातात. त्यांना हा आकडा सांगावा. कुणाला अठरा, कुणाला अडीचशे. शेजारणीशी तुलना करू नये. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

आसनाविषयी थोडक्यात. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचे, फार उंच नाही आणि फार सखल नाही असे आसन सांगितले आहे. आम्हाला घडी घातलेली घोंगडी पुरते. गुडघे दुखत असतील त्याने खुर्चीवर बसावे. विठोबा स्वतः विटेवर उभाच आहे, तो तुमच्या मांडीची परीक्षा घेत नाही. जागा मात्र एकच असावी आणि माळ तेथेच ठेवावी. जप करताना माळ मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने ओढावी, तर्जनी लावू नये, आणि मेरुमणी ओलांडू नये; तेथून माळ फिरवून घ्यावी. हे झाले आसन.

जप मोठ्याने करावा की मनात? मनुस्मृतीने मोठ्याने उच्चारलेल्या जपाहून ओठांतल्या उपांशु जपाचे आणि त्याहूनही मानस जपाचे फळ कितीतरी पट सांगितले आहे. हे वाचून पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी मानस जप करतात. अहो, श्रेष्ठ आहे म्हणूनच तो शेवटचा आहे. मनात नाम आणि मनातच बाजारहाट, दोन्ही एकाच खोलीत. बाजारहाटाचा आवाज मोठा. नवशिक्याने स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात नाम घ्यावे. जीभ आणि कान दोघे कामाला लागले की मन पळाले तरी लवकर सापडते. काही महिन्यांनी आवाज आपोआप उतरतो. उतरवू नये, उतरू द्यावा.

आता ध्यान. हा विषय गोड आहे, म्हणून येथे थोडे थांबू. आषाढीला आपण दर्शनबारीत उभे राहतो. एक दिवस, कधी एक दिवस आणि एक रात्र. पाय सुजतात, शेजाऱ्याशी ओळख होते, त्याच्या घरची सगळी हकीकत कळते. मग गाभारा येतो. पायांवर डोके टेकते न टेकते तोच "चला माउली, चला!" म्हणून मागून हात येतो आणि आपण बाहेर. बाहेर आल्यावर कुणी विचारले, देवाच्या गळ्यात आज हार कोणता होता, तर सांगता येत नाही. डोळे मिटलेले होते, की पाण्याने भरले होते, कोण जाणे. चोवीस तासांची बारी आणि दोन पळांचे दर्शन! पुष्कळांना याची हळहळ वाटते. आम्हालाही वाटे.

ती हळहळ भरून काढण्याची जागा घरचे आसन आहे. येथे मागून कुणी ढकलत नाही. श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या मातेला, देवहूतीला, भगवंताचे ध्यान शिकवतात. मुलगा शिकवतो आणि आई शिकते! तेथे क्रम सांगितला आहे तो चरणांपासून. एकेक अंग धरायचे, तेथे मन ठरले की वर जायचे, शेवटी मुखावरचे हास्य. नवशिक्याने वर जाण्याची घाई करू नये. वीट, आणि विटेवरचे दोन समचरण, एवढेच पाहावे. आपल्या कपाळाला त्या चरणांचा गारवा लागला होता, तो आठवावा. तुळशीचा वास आठवावा. चित्र स्पष्ट उमटत नाही म्हणून कष्टी होऊ नये. आम्हाला आजही वीट नीट दिसते आणि पाय धूसर दिसतात. पण पहिल्या वर्षी वीटही दिसत नव्हती.

ज्याने अजून पंढरी पाहिली नाही त्याने घरच्या तसबिरीतले पाय आधी डोळे उघडे ठेवून पाहावेत, मग मिटावेत. दिसेनासे झाले की पुन्हा उघडावेत. यात कमीपणा नाही.

मन पळते त्याचे काय? वेदान्तात चित्त स्थिर होण्याच्या आड येणारी चार विघ्ने सांगितली आहेत: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. शेवटची दोन आपल्यासारख्यांच्या वाट्याला इतक्यात येत नाहीत. ती आली तर भाग्यच समजावे. लय म्हणजे झोप आणि विक्षेप म्हणजे पळापळ. झोप येत असेल तर डोळ्यांना पाणी लावावे, आवाज वाढवावा, उभे राहून माळ करावी. तरीही रोजच झोप येत असेल तर ती झोपेची थकबाकी आहे, जपाचा दोष नव्हे. रात्री लवकर निजावे, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. गीतेनेच फार खाणाऱ्याला, फार उपाशी राहणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही म्हटले आहे.

विक्षेपाविषयी मात्र लोकांची मोठी चूक होते. "महाराज, मन लागत नाही" अशी तक्रार घेऊन येतात. मन लागणे हे नेमाचे फळ आहे आणि लोक ते पहिल्या दिवशी भांडवल म्हणून मागतात. अर्जुनानेदेखील मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे म्हणून सांगितले, आणि भगवंतांनी ते नाकारले नाही. होय म्हणाले, आणि अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. तेव्हा माळेत मन पन्नास वेळा पळाले आणि पन्नास वेळा तुम्ही ते विटेवर आणून ठेवले, तर पन्नास वेळा अभ्यास झाला. गाय मोकळी सुटली की गुराखी तिला शिव्या देत बसत नाही. दावे धरून आणतो. पळाले हे ज्या क्षणी कळले तो क्षण हरखण्याचा आहे, चिडण्याचा नाही. आम्ही मात्र वर्षभर चिडत होतो. चिडण्यात आणखी दहा मणी फुकट जात.

आता त्या बाईचा खरा प्रश्न: खंड पडला तर? शंका अशी की नित्यकर्म चुकले तर प्रत्यवाय लागतो असे मीमांसक म्हणतात, आणि नित्यपाठाला अनध्याय नाही असे स्मृतीही म्हणते. मग नेम मोडणारा पापी ठरला! समाधान असे. नेम मुद्दाम टाळू नये, यासाठी ती वचने आहेत. पण चुकलेल्याने काय समजावे, यासाठी गीतेचा दुसरा अध्याय पाहावा. या मार्गात केलेला आरंभ वाया जात नाही आणि प्रत्यवायही लागत नाही, असे भगवंत तेथे सांगतात. म्हणजे चार दिवस केलेला जप पाचव्या दिवशी पुसला जात नाही. पाठशाळेत आम्हाला प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना अनध्याय असे. दुसऱ्या दिवशी गुरुजी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढत नसत. जेथे थांबलो तेथून संथा पुढे. आणि लंडनच्या त्या निबंधातली राहिलेली गोष्ट हीच: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा बिघाड होत नाही. बिघाड करते ती लाज. बाईचा नेम पाचव्या दिवशी मोडला नव्हता. सहाव्या दिवशी, लाजेने माळेकडे पाठ फिरवली तेव्हा मोडला. चुकलेल्या दिवसाची माळ दुसऱ्या दिवशी दंड म्हणून दुप्पट करू नये. दंडाची भीती बसली की आसनाचीच भीती बसते. गुपचूप बसावे आणि नेहमीची एक माळ करावी.

स्त्रिया एक गोष्ट संकोचाने विचारतात, किंवा विचारतच नाहीत, म्हणून येथे लिहितो. महिन्याचे चार दिवस आले की नेम मोडतो का? नामाला सोवळे-ओवळे नाही. देव्हाऱ्यापाशी जाण्याविषयी ज्या घरची जी रीत असेल ती असो. पण जिभेवरचे नाम त्या दिवसांत खाली ठेवण्याचे कारण नाही. माळ हाताशी नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजावे. आपल्याच संप्रदायातल्या संत सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेला देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेऊन जो जाब विचारला आहे, तो ज्यांनी वाचला त्यांना अधिक सांगणे नको. सुतकातही तसेच. आमच्या मातोश्री गेल्या त्या दिवशी आम्हाला दुसरे काही करवले नाही, नाम मात्र घेता आले.

एक सावधगिरी. आपला नेम चारचौघांत सांगू नये. मोबाइलमध्ये जप मोजण्याचे साधन आले आहे. मोजायला हरकत नाही, पण तो आकडा समूहावर पाठवण्याचा मोह होतो, आणि मग आमच्यासारखी गत होते: श्रोता असेल तर जप, नसेल तर नाही.

राहिला प्रश्न वाढवण्याचा. एकीच्या दोन माळा केव्हा कराव्यात? घरात लग्न आहे, पाहुणे आहेत, किंवा अंगात ताप आहे, आणि तरीही एक माळ झाली व झाल्याचे विशेष वाटलेही नाही, असे दोन-चारदा घडले म्हणजे दुसरी धरावी. आम्ही सन २०२० मध्ये एकीने आरंभ केला. दुसरी वर्षभराने आली. तिसरी २०२३ मध्ये धरली होती. ती सप्ताहांच्या धावपळीत चार वेळा सुटली, तेव्हा निमूटपणे दोनांवर परत आलो. सध्या दोन आहेत, तुळशीपाशी, दूध तापण्याआधी. सौभाग्यवतींची झाली की आमची.